कायदा, मूल्ये, नैतिकता आणि नीतिशास्त्र : रखमाबाई खटल्याच्या आधारे

हे चार शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. त्यांतील फरक समजून घेण्यासाठी मुंबईतील रखमाबाई खटला (१८८४–१८८८) पाहू.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मात्र त्या माहेरीच राहिल्या व शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात लावला. संमतीविना झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती.

आता चारही संकल्पना येथे ओळखा.

१. नैतिकता : समाजात रुढ असलेली योग्य-अयोग्याची समज. पत्नीने सासरी नांदावे, हे त्या काळी बहुतेकांना योग्यच वाटे.
२. मूल्ये : माणूस ज्याला मोलाचे मानतो ते. रखमाबाईंसाठी शिक्षण व स्वातंत्र्य मोलाचे होते; विरोधकांसाठी परंपरा आणि कुटुंबसंस्था.
३. कायदा : राज्यसंस्था अमलात आणते आणि मोडल्यास शिक्षा करते तो नियम.
४. नीतिशास्त्र : रुढ समज कितपत न्याय्य आहे, याची तर्काने केलेली तपासणी. ‘न कळत्या वयात झालेल्या विवाहाने कोणी बांधले जाते का?’ हा प्रश्न या प्रकारचा आहे.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. येथील गुंतागुंत लक्षात घ्या : ‘धर्मात ढवळाढवळ नको’ म्हणणारे टीकाकार प्रत्यक्षात एका परक्या कायद्याचाच आधार घेत होते. अपिलात हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जाण्याचा आदेश दिला. न गेल्यास सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. इंग्लंडमध्ये मात्र अशा प्रकरणांतील कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागील वादालाही या खटल्याने धार आणली.

म्हणजे कायद्याचे पालन आणि योग्य वर्तन नेहमी एकच नसते. नांदण्याच्या दाव्याची तरतूद हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्येही आहे. ती कोणत्या मूल्याचे रक्षण करते आणि कोणाच्या संमतीला बाजूला सारते, याचे उत्तर तुम्ही स्वतः लिहून पाहा.