गोवा पावडर: सोरायसिसच्या औषधाची दीडशे वर्षांची गोष्ट

आजच्या भागात एका पावडरीची गोष्ट आहे. नाव गोव्याचं, जन्म ब्राझीलचा आणि प्रसिद्धी मिळाली लंडनमध्ये. ही पावडर गजकर्णावर वापरायची, पण तिने इतिहास घडवला तो भलत्याच आजारात. तो आजार म्हणजे सोरायसिस.

आधी सोरायसिस म्हणजे काय, ते पटकन पाहू. आपल्या त्वचेच्या पेशी खालच्या थरात तयार होतात आणि साधारण महिन्याभरात वर येऊन गळून पडतात. सोरायसिसमध्ये हेच काम तीन-चार दिवसांत उरकलं जातं. मग कोपर, गुडघे, पाठ, डोकं अशा ठिकाणी लालसर जाड चट्टे येतात आणि त्यांवर चंदेरी खपल्या साचतात. हा संसर्ग नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने पुसल्याने तो पसरत नाही. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीचे आदेश देत सुटते आणि त्वचा घाईला येते, इतकंच.

पण हे आज कळलंय. जुन्या काळात खपल्यांचा कुठलाही आजार सर्रास कुष्ठरोगाच्या खात्यात जमा व्हायचा. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोरायसिसचं बारकाईने वर्णन केलं, पण त्याच्या एका प्रकाराला नाव दिलं 'लेप्रा', म्हणजे पुन्हा कुष्ठरोगाचीच आठवण. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 मध्ये हा घोळ निस्तरला. विचार करा, नुसतं नाव सुटं केलं तरी माणसाच्या कपाळावरचा केवढा मोठा शिक्का पुसला जातो!

नाव मिळालं, पण औषध? डॉक्टरांकडे होतं आर्सेनिक. हो, तेच विष. थेंब-थेंब पोटात द्यायचे. काहींचे चट्टे जायचे, पण विष शरीरात साठत जायचं. आणि होतं डांबर, काळं, वासाचं, चिकट.

आता आपली पावडर. पोर्तुगीजांची जहाजं तेव्हा लिस्बन, ब्राझील आणि गोवा अशा मोठ्या जाळ्यात फिरत होती. ब्राझीलच्या बाहिया भागात अरारोबा नावाचं झाड आहे. त्याच्या खोडातल्या भेगांत आणि पोकळ्यांत एक पिवळट भुकटी साचते. झाड पाडायचं, खोड फोडायचं आणि भुकटी खरवडून काढायची. हे काम करणाऱ्यांचे डोळे आणि चेहरा सुजायचा, इतकी ती जहाल. ही भुकटी गोव्यात पोचली आणि तिथून हिंदुस्थानभर गजकर्णावरचं औषध म्हणून विकली जाऊ लागली. म्हणून नाव पडलं गोवा पावडर.

1864 मध्ये मुंबईच्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्यांनी तिच्याकडे युरोपातल्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं. पुढे कलकत्त्याहून जोसेफ फेरर या डॉक्टरांनीही तिच्याबद्दल लिहिलं. पण गंमत बघा, ती मुळात येते कुठून हे या मंडळींना ठाऊकच नव्हतं! 1875 मध्ये बाहियाच्या डॉ. सिल्वा लिमा यांनी उलगडा केला की अहो, ही तर आमच्याकडची अरारोबा.

आणि लगेच पुढच्या वर्षी, 1876 मध्ये, लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी जाहीर केलं की हे गजकर्णाचं औषध सोरायसिसच्या चट्ट्यांवर लावलं तर चट्टे जातात. गजकर्ण म्हणजे बुरशी. सोरायसिसचा बुरशीशी संबंध नाही. म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्याच आजारात लागू पडलं, आणि का पडलं हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. पावडरीतल्या गुणकारी भागाला पुढे क्रिसॅरोबिन हे नाव मिळालं.

हे जादूचं औषध होतं का? नाही. क्रिसॅरोबिनचं मलम आजूबाजूच्या चांगल्या त्वचेलाही भाजायचं. चादरी, कपडे, नखं, केस, सगळ्यावर जांभळट-तपकिरी डाग. चुकून डोळ्यात गेलं तर विचारू नका. आणि मुख्य म्हणजे, चट्टे काही महिन्यांनी परत यायचे. तरीही लोक ते लावायचे. कारण चार-सहा महिने स्वच्छ त्वचा मिळणं ही ज्याला मिळते त्यालाच कळणारी गोष्ट आहे.

मग आलं पहिलं महायुद्ध. ब्राझीलचा माल जर्मनीत पोचेना. डॉक्टर हात बांधून बसले का? नाही. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत क्रिसॅरोबिनचा जवळचा भाऊ तयार झाला. रेणू जवळपास तोच, फक्त एक मिथाइल गट कमी. 1916 मध्ये गॅलेव्स्की आणि उन्ना या जर्मन डॉक्टरांनी तो वापरात आणला. हेच डिथ्रॅनॉल. म्हणजे झाडाची भुकटी गेली आणि कारखान्यातलं औषध आलं, तेही टंचाईपायी.

यानंतरची गोष्ट औषधापेक्षा पद्धतीची आहे. 1925 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे विल्यम गेकरमन यांनी डांबर आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश यांची जोडी लावली. 1953 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचे जॉन इंग्रॅम यांनी त्यात डिथ्रॅनॉल घातलं. त्यांचा दिनक्रम असा: रोज डांबराच्या पाण्याने आंघोळ, मग प्रकाश, मग प्रत्येक चट्ट्यावर नेमकं तेवढंच घट्ट मलम आणि वरून कापडी आवरण. असे दोन-तीन आठवडे. या उपचाराचा खरा भार उचलला नर्सबाईंनी. एकेक चट्टा शोधून, शेजारच्या त्वचेला धक्का न लावता लेप देणं हे तासन्‌तासांचं काम होतं. 1980 च्या दशकात आणखी एक सोपी युक्ती रुजली: मलम लावा, अर्ध्या तासाने धुऊन टाका. दवाखान्यातला उपचार घरच्या बाथरूममध्ये आला.

पोटातून घ्यायच्या औषधांचीही अशीच वाट. ल्युकेमियासाठी ॲमिनोप्टेरिन हे औषध बनवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1951 मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांवर ते वापरताना दिसलं की ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टेही ओसरले. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. 1979 च्या सुमारास सायक्लोस्पोरिनने असाच धक्का दिला. हे औषध संरक्षण यंत्रणेला शांत करतं, आणि त्याने चट्टे जातात, म्हणजे मूळ भानगड तिथे आहे! त्या धाग्यावरून पुढे बायोलॉजिक इंजेक्शनं आली. बंगळुरूच्या बायोकॉनने 2013 मध्ये इटोलिझुमॅब हे असंच एक औषध भारतात बाजारात आणलं.

आता एक गोष्ट लक्षात आली का? दीडशे वर्षांत विष झालं, भुकटी झाली, डांबर, प्रकाश, गोळ्या, इंजेक्शनं झाली. पण या रांगेतल्या कुठल्याच औषधाने सोरायसिस कायमचा घालवला नाही. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरावात स्पष्ट म्हटलं की हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आजार आहे आणि त्यावर कायमचा इलाज नाही.

हे ऐकून निराश व्हायचं का? मला तर उलटं वाटतं. कारण या इतिहासात दर पिढीला चट्टे आटोक्यात ठेवायची अधिक चांगली सोय मिळत गेली. मधुमेहाला आपण 'आटोक्यात आहे' म्हणतो, आणि तेवढ्यावर माणूस नोकरी करतो, लग्न करतो, ट्रेकला जातो. सोरायसिसलाही तोच शब्द लागू आहे.

म्हणून भिंतीवर किंवा रील्सवर 'सोरायसिस मुळापासून बरा, गॅरंटी' असं दिसलं, तर ही दीडशे वर्षं आठवा. अशा पुड्यांमध्ये कधीकधी गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आठवड्यात त्वचा चकचकीत होते, आणि पुडी बंद केली की आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या जोरकस स्टिरॉइडच्या ट्यूबचंही तसंच. स्टिरॉइड वाईट नाही. किती दिवस, कुठे आणि कसं थांबवायचं, हे त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आणि रोजच्या साध्या कामाला कमी लेखू नका. आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर मॉइश्चरायझर, खपल्या न खरवडणं, सिगारेट आणि दारूपासून लांब राहणं. सांधे दुखायला लागले तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण हा आजार सांध्यांतही उतरू शकतो.

आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांच्यासाठी एकच विनंती. वर्गात, ऑफिसात, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालणारा कुणी दिसला आणि मनगटापाशी चट्टा डोकावला, तर सरकून बसू नका. हेब्रांनी 1841 मध्येच तो शिक्का पुसलाय. आपण तो पुन्हा मारायला नको.

हा भाग अशा एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!