हजार जेवणांची रात्र

माणसाला घरी जेवायला बोलवायचं आणि त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हे आपल्या आतिथ्यात बसत नाही. पण ३० नोव्हेंबर २००१च्या रात्री देशोदेशी नेमकं तेच घडलं. यजमानाने स्वयंपाक केला आणि पाहुण्यांनी हॉटेलात गेलो असतो तर जेवढं बिल झालं असतं तेवढे पैसे दिले. ते गेले भूसुरुंग काढायला आणि सुरुंगाने पाय गमावलेल्यांना. ‘नाइट ऑफ अ थाउजंड डिनर्स’ असं त्या उपक्रमाचं नाव. अमेरिकेतली ‘अ‍ॅडॉप्ट-अ-माइनफील्ड’ मोहीम आणि कॅनडातलं ‘कॅनेडियन लँडमाइन फाउंडेशन’ यांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला.

जेवणातून मदत उभी करण्याची ही रीत लंडनमध्ये जुनी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या धर्मादाय संस्था वर्षातून एकदा मोठं भोजन ठरवत. नामवंत अध्यक्ष, भाषण, मग वर्गणीचे आकडे. ९ फेब्रुवारी १८५८ला असं एक भोजन झालं ते ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयासाठी. १८५२मध्ये दहा खाटांवर सुरू झालेलं हे रुग्णालय पैशांअभावी अडचणीत होतं. अध्यक्ष होते चार्ल्स डिकन्स. गरीब घरातल्या आजारी मुलांबद्दल ते असं काही बोलले की त्या रात्रीत तीन हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. मात्र अशा भोजनांत टेबलाशी बसत ते पुरुष, तेही पैसेवाले. स्त्रिया बहुधा वरच्या सज्ज्यातून भाषणं ऐकत. ही रीत सभागृहातून स्वयंपाकघरात येणं हा मला तिच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो.

भूसुरुंगांच्या बाबतीत तो घडला कारण त्याआधी सगळी चळवळच सामान्य माणसांनी उभी केली होती. १९९२मध्ये सहा संस्थांनी सुरुंगबंदीची मोहीम सुरू केली. जानेवारी १९९७मध्ये ब्रिटनची राजकुमारी डायना अंगोलात संरक्षक कवच घालून सुरुंगक्षेत्रातून चालली, ते छायाचित्र जगभर गेलं. त्याच डिसेंबरात ओटावामध्ये १२२ देशांनी बंदीच्या करारावर सह्या केल्या आणि १ मार्च १९९९पासून करार लागू झाला.

पण सही केली म्हणून जमिनीतला सुरुंग निघत नाही. संयुक्त राष्ट्रांचा त्या काळातला हिशेब असा, की तीन डॉलरांत बनणारा सुरुंग काढायला तीनशे ते हजार डॉलर लागतात. लागणारच. धातुशोधक यंत्र सुरुंगावर वाजतं तसंच गंजक्या खिळ्यावरही वाजतं. प्रत्येक वेळी माणसाला गुडघ्यांवर बसून, सळई तिरकी घालून माती उकरावी लागते. दिवसाकाठी काही चौरस मीटर जमीन मोकळी होते, इतकंच.

एवढा खर्च ऐकून कुणीही हात टेकले असते. ‘अ‍ॅडॉप्ट-अ-माइनफील्ड’ने १९९९मध्ये काढलेली तोड मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. अफगाणिस्तान, बोस्निया, कंबोडिया, क्रोएशिया, मोझांबिक अशा देशांतली एकेक सुरुंगक्षेत्रं तिने वेगळी मांडली: हे गाव, एवढी जमीन, एवढा खर्च. एखाद्या शाळेने किंवा गावाने त्यातलं एक दत्तक घ्यायचं. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचा भार जसा सात घरांत वाटला जाई, तसा हा भार वाटला गेला. हजार जेवणांची कल्पना त्याच वाटणीतली.

ती जेवणं पहिल्यांदा झाली त्याच हिवाळ्यात आपल्याकडे उलटं घडत होतं. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला, ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं आणि राजस्थान, पंजाब, जम्मूच्या सीमेवर शेतांमध्ये सुरुंग पेरले गेले. पुढे ते काढताना जवान दगावले, शेतकऱ्यांचे पाय गेले. ओटावा करारावर भारताने अजूनही सही केलेली नाही. सुरुंग काढण्याचं कौशल्य मात्र आपल्या सैन्याकडे आहे. मार्च २०१६मध्ये पुण्यात अठरा देशांच्या सैन्यांचा ‘फोर्स एटीन’ सराव झाला, त्यात मानवतावादी सुरुंगनिर्मूलन हा एक मुख्य विषय होता. पुण्यातच १९४४पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. सुरुंगाने पाय गमावलेले जवान तिथे पुन्हा चालायला शिकतात.

जमीन एकदा मोकळी झाली की तिचा खर्च संपतो. माणसाचा संपत नाही. वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय साधारण दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो, मोठ्या माणसाचा तीन ते पाच वर्षांनी. रेड क्रॉसच्या अंदाजानुसार दहा वर्षांच्या जखमी मुलाला आयुष्यभरात पंचवीसेक पाय लागतात. त्यामुळे जेवण एकदाच घालून भागत नाही, ते दरवर्षी ठेवावं लागतं.