अवकाश प्रभार

अवकाश प्रभार म्हणजे विसंवाहक पदार्थाच्या अंतर्भागात साचून राहिलेला विद्युतप्रभार होय. इंग्रजीत त्यास 'स्पेस चार्ज' म्हणतात. पॉलिइथिलीनसारख्या बहुवारिकांत या प्रभाराचे प्रमाण, स्थान आणि टिकून राहण्याचा काळ ही तिन्ही तापमानावर अवलंबून असतात. त्यामुळे उच्चदाब दिष्ट धारेच्या (एचव्हीडीसी) केबलींच्या रचनेत ही बाब निर्णायक ठरते.

संचयनाची कारणे

बहुवारिकातील रेणूंच्या लांब साखळ्या काही ठिकाणी सुव्यवस्थित, तर काही ठिकाणी अस्ताव्यस्त असतात. त्यांच्यातील दोष, सीमा व अशुद्धी या जागी प्रभार अडकतो. अशा जागांना 'सापळे' म्हणतात. विद्युतअग्रातून पदार्थात शिरलेला प्रभार त्या अग्राच्याच चिन्हाचा असल्यास त्यास समप्रभार, तर अग्राजवळ जमलेला विरुद्ध चिन्हाचा प्रभार असल्यास त्यास विषमप्रभार म्हणतात. विषमप्रभारामुळे अग्रालगतचे विद्युतक्षेत्र वाढते, म्हणून तो अधिक घातक असतो. ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती धारेत क्षेत्राची दिशा सतत पालटत असल्याने असे संचयन फारसे होत नाही.

तापमानाचा परिणाम

उष्णतेचा परिणाम दुहेरी असतो. तापमान वाढले की सापळ्यांतील प्रभार मोकळा होऊन लवकर ओसरतो; परंतु अग्रांतून आत शिरणारा प्रभार आणि अशुद्धींपासून निर्माण होणारे आयनही वाढतात.

संवाहकता तापमानानुसार घातांकी पद्धतीने वाढते. सक्रियण ऊर्जा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानल्यास ३० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ७० अंशांवर ती सुमारे ९० पट होते. पॉलिइथिलीनचा सापेक्ष परावैद्युतांक मात्र २.३ च्या आसपासच राहतो. समजा, ३० अंशांवर संवाहकता दर मीटरला १०⁻¹⁵ सीमेन्स आहे. अशा पदार्थातील प्रभार ओसरण्याचा कालांक सुमारे साडेपाच तास येतो. ७० अंशांवर तोच चार मिनिटांहून कमी होतो.

केबलमधील विद्युतक्षेत्र

केबलमधून विद्युतधारा वाहू लागली की मधला वाहक तापतो, बाहेरचे आवरण तुलनेने थंड राहते. आतील थराची संवाहकता वाढते, बाहेरील थराची कमीच राहते. या फरकामुळे विसंवाहकात वाहकाच्याच चिन्हाचा प्रभार साचतो. परिणामी वाहकालगतचे क्षेत्र घटते आणि बाह्य आवरणालगतचे वाढते. प्रत्यावर्ती धारेत सर्वाधिक ताण नेहमी वाहकालगत असतो. भारित दिष्ट धारा केबलमध्ये तो बाहेरच्या बाजूस सरकू शकतो. यास 'क्षेत्राची उलटापालट' म्हणतात.

याच अवस्थेत व्होल्टेजची ध्रुवता एकाएकी बदलल्यास साचलेला प्रभार तत्काळ हटत नाही आणि नव्या क्षेत्रात त्याची भर पडून वाहकालगतचा ताण बराच वाढतो. म्हणून वीजप्रवाहाची दिशा बदलताना ध्रुवता कायम ठेवणारी व्होल्टेज-स्रोत परिवर्तके बहुवारिक केबलींना सोयीची ठरली. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर १९५४ साली कागदी विसंवाहकाची दिष्ट धारा केबल कार्यान्वित झाली होती. तेथेच १९९९ साली व्होल्टेज-स्रोत परिवर्तकांसह ±८० किलोव्होल्टची बहुवारिक केबल वापरात आली.

मापन

साचलेला प्रभार पदार्थ न कापता मोजता येतो. स्पंद-विद्युतध्वनी पद्धतीत नमुन्यास अल्पकालीन विद्युतस्पंद देतात. त्यामुळे प्रभाराच्या जागी दाबलहरी उत्पन्न होते व तिच्या आगमनाच्या वेळेवरून प्रभाराचे स्थान कळते. ऊष्मीय पायरी पद्धतीत तापमानात एकदम बदल करून उद्भवणारी धारा मोजतात.

भारतातील उपयोग

चंद्रपूर–पडघे ही १९९९ साली कार्यान्वित झालेली ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट क्षमतेची दिष्ट धारा वाहिनी सुमारे ७५२ किलोमीटर लांब आहे. ती मनोऱ्यांवरून जात असल्याने तारांभोवतीची हवाच विसंवाहकाचे काम करते. दाट वस्तीच्या मुंबईत मात्र मनोऱ्यांना जागा मिळणे कठीण असते. पालघर जिल्ह्यातील कुडूस ते मुंबईतील आरे या १००० मेगावॅट, ±३२० किलोव्होल्टच्या प्रकल्पात म्हणूनच मार्गाचा मोठा भाग भूमिगत केबलचा आहे. केरळमध्ये संपणाऱ्या पुगलूर–त्रिशूर वाहिनीच्या अखेरच्या टप्प्यातही छेदबद्ध पॉलिइथिलीनची (एक्सएलपीई) भूमिगत केबल वापरली आहे.

मुंबईत विजेची मागणी वाढते त्याच उन्हाळ्यात जमीनही तापलेली असते. केबलमधील उष्णता जमिनीत मुरण्यास त्यामुळे कमी वाव मिळतो. वाहकाचे अनुज्ञेय तापमान अशा रीतीने थेट वीज वाहून नेण्याच्या क्षमतेवर मर्यादा घालते.

उपाययोजना

प्रत्यावर्ती धारेच्या एक्सएलपीई केबलमध्ये वाहकास सामान्यतः ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापू देतात. दिष्ट धारेच्या अनेक केबलींत ही मर्यादा ७० अंश ठेवली जाते. छेदबंधनासाठी वापरलेल्या पेरॉक्साइडपासून ॲसिटोफिनोनसारखे उपपदार्थ उरतात व ते विषमप्रभारास कारणीभूत होतात. म्हणून केबल दीर्घकाळ उबदार ठेवून ते बाहेर काढतात. मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून प्रभारास आवर घालण्याचेही प्रयत्न झाले आहेत. जपानमध्ये होक्काइदो–होन्शू जोडणीत २०१२ साली ९० अंशांपर्यंत चालणारी २५० किलोव्होल्टची दिष्ट धारा केबल कार्यान्वित झाली. छेदबंधनाची गरज नसलेले पॉलिप्रॉपिलीन-मिश्रणही आता वापरात येत आहे.