रोजचे एक युनिट

परभणीचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. तो आला की मला एक पंखा आठवतो.

मी तेव्हा गावीच राहत होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येत. त्यांच्या घरात एकच बल्ब. कुटीर ज्योती योजनेत 1988-89 पासून दारिद्र्यरेषेखालच्या घरांना असा एका दिव्याचा जोड मिळे. 2005 साली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली आणि अशा घरांना मोफत जोडणी मिळू लागली.

त्याच वर्षी, 6 जून 2005 ला, वीज मंडळाचे विभाजन झाले. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. आपण मात्र अजून 'बोर्ड'च म्हणतो! दर ठरवणार वीज नियामक आयोग. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांना फार कमी दर ठेवला, हे चांगलेच झाले.

पण अट होती. मंजूर भार 0.1 किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर 360 युनिटांच्या आत, म्हणजे रोजचे साधारण एक युनिट. आर्थिक वर्ष संपले की तपासणी. मर्यादा ओलांडली की साधा घरगुती दर, आणि त्या काळच्या दरपत्रकाप्रमाणे पुन्हा सवलतीत परत येणे नाही.

2009 च्या उन्हाळ्यात मावशींच्या लहान नातवाला घामोळ्यांनी झोप येईना. मी आमचा जुना पंखा त्यांना दिला. पुढच्या वर्षी त्या बिल वाचायला घेऊन आल्या. रक्कम वाढलेली, दर बदललेला.

मग पाटीवर हिशोब केला. 60 वॅटचा बल्ब 5 तास, म्हणजे 0.3 युनिट. 70 वॅटचा पंखा 10 तास, म्हणजे 0.7. बेरीज बरोबर एक! वर्षाचे 365. पाच युनिटे जास्त. हिवाळ्यात पंखा बंद असतो म्हणाल, तर नातवाच्या अभ्यासाला दुसरा बल्ब आला होता. भारनियमनाने वाचली असतील तेवढीच. शिवाय बल्ब आणि पंखा मिळून 130 वॅट, मंजूर भार 100.

म्हणजे सवलत दिव्यापुरती होती, वाऱ्यासाठी नव्हती. पंखा फिरला की गरिबी संपली!

मी पंखा परत मागू का, असे विचारले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या गुरुजी, पोरगं झोपलं की बंद करते मी."

जन्मभर गणित शिकवले. पंखा देताना मात्र हा हिशोब करायचे सुचले नाही.