घड्याळ बोर्डावर होतं तेव्हा

एखादा जुना मदरबोर्ड हाताशी आला तर त्यावर चकचकीत पत्र्याची एक छोटी डबी शोधा. औषधाच्या कॅप्सूलएवढी, दोन्ही टोकांना गोलसर. अंगावर बहुतेक वेळा १४.३१८ असा आकडा कोरलेला असतो. दुरुस्ती करणारे तिला क्रिस्टल म्हणतात. आत क्वार्ट्झ स्फटिकाची पातळ चकती असते आणि वीज मिळाली की ती ठरावीक वेगाने थरथरते. स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर या क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. या डबीत त्याच गुणाची उलटी बाजू कामाला लावलेली असते. प्रोसेसर दर ठोक्याला एक पाऊल टाकतो, आणि ठोका देणारी ती ही डबी. ओव्हरक्लॉकिंगचं कूळ शोधत मागे गेलं की माणूस इथे येऊन पोचतो.

१४.३१८ हाच आकडा का, याचं उत्तर दूरदर्शन संचात आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी बाजारात आणला. तो घरच्या टीव्हीलाही जोडता यावा अशी सोय ठेवायची होती आणि अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या संकेतात रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झवर बसते. त्याची चौपट म्हणजे १४.३१८. बोर्डावर याच आकड्याचा एकच क्रिस्टल बसवला गेला. त्याला चाराने भागलं की टीव्हीचा रंग मिळे, बाराने भागलं की वेळ मोजणाऱ्या चिपला ठोके मिळत आणि तिनाने भागलं की प्रोसेसरला, ४.७७ मेगाहर्ट्झचे. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झची हमी देऊन विकला जात होता. म्हणजे जगातल्या सगळ्या पीसींचा मूळपुरुष आपल्या ताकदीपेक्षा थोडा हळूच चालत होता, कारण एका क्रिस्टलमध्ये तीन कामं उरकत होती.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रोसेसरचा वेग हा त्याच्या जन्मजात गुणासारखा सांगितला जातो, पण तो आकडा कोणीतरी ठरवलेला असतो. कधी काटकसरीसाठी, कधी सुरक्षित अंतर ठेवण्यासाठी आणि पुढे पुढे तर निव्वळ बाजारासाठी. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिपा एकत्र घडतात. त्या तपासून, जास्त वेग सोसणाऱ्या वेगळ्या आणि कमी सोसणाऱ्या वेगळ्या अशी वर्गवारी होते. कारखाना चांगला बसला की बहुतेक चिपा वरच्या वर्गात पास होतात, पण गिऱ्हाईक मात्र स्वस्त माल मागत असतं. मग चांगल्या चिपांवरही कमी वेगाचा शिक्का बसतो. असा शिक्का झुगारून मूळ ताकद वापरायची, हा ओव्हरक्लॉकिंगचा खरा अर्थ.

पहिली नोंद घ्यावी अशी घटना १९८४ च्या पीसी एटीची. त्यातल्या ८०२८६ प्रोसेसरला आयबीएमने ६ मेगाहर्ट्झ दिले होते. बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि त्याच्या निम्मा वेग प्रोसेसरला मिळे. हा क्रिस्टल सॉकेटमध्ये खोचलेला असल्याने लोकांनी तो उपटला आणि तिथे १६ चा बसवला. किरकोळ पैशांत यंत्राचा वेग एक तृतीयांश वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीत, सुरू होतानाच वेग मोजणारी तपासणी घातली गेली आणि यंत्र ठरल्यापेक्षा जलद आढळलं तर ते पुढे जाईना. बोर्ड विकत घेणारा आणि यंत्र बनवणारा यांच्यातला घड्याळाचा वाद तेव्हा सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

१९९२ मध्ये इंटेलच्या ४८६ डीएक्स२ ने हिशेबात दुसरा आकडा आणला. बोर्ड ३३ मेगाहर्ट्झने चालायचा आणि प्रोसेसर आतल्या आत त्याची दुप्पट करून ६६ ने. इथून पुढे प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाचा ठोका गुणिले मल्टिप्लायर, हे सूत्र पक्कं झालं. बोर्डावर जंपर नावाच्या बारीक टोप्या आल्या. त्या एका पिनेवरून दुसरीवर सरकवल्या की ठोका बदले किंवा गुणक बदले. याचा फायदा भामट्यांनीही घेतला. जगभरच्या ग्रे मार्केटमध्ये स्वस्त प्रोसेसरवरची छपाई खरवडून वरच्या वेगाचा आकडा छापला जाई आणि तो महाग विकला जाई. इंटेलने मग मल्टिप्लायरला कुलूप घातलं. ग्राहकाच्या रक्षणासाठी हे केलं असं सांगण्यात आलं आणि त्यात तथ्य होतं. पण त्याच कुलपाने प्रामाणिक हौशी माणसाचाही एक हात बांधला गेला. उरला तो बोर्डाचा ठोका.

आणि त्या उरलेल्या एका हाताने १९९८ मध्ये जे घडलं ते या कुळातलं सगळ्यात गाजलेलं पान आहे. ऑगस्टमध्ये इंटेलने एकाच दिवशी दोन टोकांचे प्रोसेसर आणले. वरच्या टोकाला पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. खालच्या टोकाला सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद होता आणि बोर्डाचा ठोका ६६ चा. पण तोच ठोका १०० वर नेला तर? साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास. गणित पाचवीतलं होतं आणि ते हजारो घरांमध्ये बरोबर निघालं.

का निघालं, हे समजून घेण्यासारखं आहे. पेंटियम टूची कॅश मेमरी ५१२ किलोबाइटची होती, पण ती वेगळ्या चिपांवर होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनमध्ये फक्त १२८ किलोबाइट, पण ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली, पूर्ण वेगाने चालणारी. ओढून धरणारी बाहेरची चिपच नव्हती. दुसरं कारण बोर्डात होतं. त्याच वर्षी आलेला इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट अधिकृतपणेच १०० मेगाहर्ट्झचा होता. ठोका १०० झाला की तो पीसीआय कार्डांना त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे नेहमीचेच ३३ मेगाहर्ट्झ देई. साउंड कार्डाला, हार्ड डिस्कला काही बदललं आहे याचा पत्ताही लागत नसे. याउलट ६६ चा ठोका ८३ वर नेणाऱ्यांच्या पीसीआयला निम्मे, म्हणजे ४१ मेगाहर्ट्झ मिळत आणि हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब होण्याची भीती असे. जास्तीचा ठोका सुरक्षित आणि मधला ठोका धोक्याचा, असं विचित्र पण खरं चित्र होतं.

तैवानच्या एबिट कंपनीचा बीएच६ हा बोर्ड या काळाचं प्रतीक ठरला. त्यात जंपर सरकवायला कॅबिनेट उघडावं लागत नसे. बायोसमधल्या सॉफ्टमेन्यूत जाऊन ठोका आणि व्होल्टेज कीबोर्डवरून बदलता येई. ज्यांच्या बोर्डात अशी सोय नव्हती त्यांनी आणखी साधी युक्ती काढली. सेलेरॉनच्या पट्टीवरच्या बी२१ या एका संपर्कावर चिकटपट्टीचा कपटा लावायचा किंवा नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. बोर्डाला वाटे की शंभरवाला प्रोसेसर बसला आहे. २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर लेझरने तोडलेले सूक्ष्म पूल लोकांनी साध्या शिसपेन्सिलीने जोडले, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. तेवढ्याने मल्टिप्लायरचं कुलूप उघडे.

आपल्याकडे तो काळ असेंबल केलेल्या पीसीचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. कंपनीचा तयार पीसी परवडत नाही म्हणून माणूस सुटे भाग घ्यायला जाई, आणि नकळत त्याच्या हातात कंपनीच्या पीसीत कधीच न मिळणारा अधिकार येई. बोर्ड निवडायचा अधिकार. दुकानदार प्रोसेसरचं नाव मोठ्याने सांगे आणि बोर्डाच्या रकान्यात जो शिल्लक असेल तो लिहून देई. ही सवय आजही गेलेली नाही, आणि माझ्या मते बजेट पीसीचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

कारण ओव्हरक्लॉकिंगचं ओझं शेवटी बोर्डावर पडतं. प्रोसेसरची वीजखपत वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के, तर खपत ४५ टक्क्यांनी चढते. ६५ वॅटचा प्रोसेसर ९४ वॅट मागू लागतो. सव्वा व्होल्टला हे म्हणजे जवळपास ७५ अँपिअर. घरातल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून एवढा प्रवाह सव्वा व्होल्टला देण्याचं काम सॉकेटशेजारच्या व्हीआरएमकडे असतं, म्हणजे नखाएवढे मॉसफेट, चौकोनी कॉइल आणि कॅपॅसिटर यांच्या रांगेकडे. या कामात दहा-पंधरा वॅट उष्णता बनून तिथेच साठतात. चांगल्या बोर्डात हे काम जास्त फेजमध्ये, म्हणजे जास्त समांतर तुकड्यांत वाटलेलं असतं आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो. स्वस्तात स्वस्त बोर्डात चार फेज उघड्या असतात. त्या शंभर अंशांपलीकडे गेल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडतो आणि भर गेममध्ये चित्र अडखळतं. परीक्षणं बहुधा गार खोल्यांत होतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या विदर्भात तोच बोर्ड वीस अंशांचा तोटा घेऊनच सुरू होतो.

२००० नंतरच्या काही वर्षांत तर कॅपॅसिटरच दगा देत होते. सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर असंख्य बोर्डांवर लागले होते. त्यांची डोकी फुगत, तपकिरी ओघळ येत आणि पीसी आपोआप बंद पडू लागे. आजचे सॉलिड कॅपॅसिटर ही त्या अनुभवाची देणगी.

जानेवारी २०११ मध्ये घड्याळाच्या वादाचं पारडं एका बाजूला झुकलं. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत ठोका देणारा भाग चिपसेटमध्येच गेला आणि यूएसबी, साटा, पीसीआय एक्सप्रेस सगळे त्याच १०० मेगाहर्ट्झला बांधले गेले. तो चार-पाच टक्क्यांपलीकडे नेला की बाकीचं सगळं कोलमडे. राहिला मल्टिप्लायर. तो फक्त नावात के असलेल्या प्रोसेसरमध्ये मोकळा होता आणि तोही महागड्या चिपसेटच्या बोर्डावर. बोर्डावरचं घड्याळ गेलं आणि त्या जागी परवानगी विकायला आली. २०१४ च्या ७२ डॉलरच्या पेंटियम जी३२५८ ने थोडा काळ जुने दिवस परत आणले. त्याचा मल्टिप्लायर मोकळा होता आणि बोर्ड कंपन्यांनी साध्या चिपसेटवरही वाट काढून दिली. पुढे बोर्ड बनवणाऱ्या असरॉकने कुलूपबंद प्रोसेसरचा ठोका वाढवणारं बायोस दिलं, ते २०१६ च्या सुरुवातीला मागे घ्यावं लागलं. २०२२ मध्ये बी६६०च्या मोजक्या बोर्डांवर ठोका देणारी वेगळी चिप पुन्हा दिसली आणि तिच्या बळावर साधे कुलूपबंद प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झपलीकडे गेले. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्र्याच्या डबीचीच ही लेक.

खरी मोकळीक मात्र एएमडीने दिली. २०१७ च्या रायझनमध्ये प्रत्येक प्रोसेसरचा मल्टिप्लायर मोकळा होता आणि मधल्या किमतीच्या बी३५० बोर्डावरही तो वापरता येई. फक्त सर्वांत स्वस्त ए३२० वगळला होता. पुढे बी४५० आणि बी५५० ने ती रीत चालू ठेवली. म्हणूनच बजेट गेमिंग पीसीसाठी बी मालिकेचा बोर्ड हे उत्तर गेली काही वर्षं टिकून आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

आजचे प्रोसेसर स्वतःच आपल्या मर्यादेच्या काठापर्यंत जातात. सेलेरॉनसारखे पन्नास टक्के आता कुणालाच मिळायचे नाहीत आणि गेममध्ये बहुतेकदा ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. त्यामुळे चांगल्या बोर्डाचा उपयोग वेगळीकडे होतो. ३२०० ची डीडीआर४ रॅम विकत घेऊन ती २१३३ किंवा २४०० वरच चालवणारे खूप आहेत, कारण बायोसमधलं एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंग त्यांनी कधी सुरूच केलेलं नसतं. ती एक ओळ बदलली की फुकटचा वेग मिळतो, आणि रायझनवर तो स्पष्ट जाणवतो. दुसरं म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणं. प्रोसेसर गार राहतो आणि गार राहिल्याने वरचा वेग जास्त वेळ धरतो.

तेव्हा पुढचा पीसी जुळवताना ग्राफिक्स कार्डाचा आणि प्रोसेसरचा भाव ठरला की तिथेच थांबू नका. बोर्डाचं खोकं उघडून दाखवायला सांगा. सॉकेटच्या डाव्या अंगाला मॉसफेटवर हीटसिंक आहे का, रॅमच्या खाचा दोन आहेत की चार, आणि त्या बोर्डाचं नवं बायोस कंपनीच्या पानावर शेवटचं कधी आलं, एवढं बघा. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवा आणि ते हीटसिंकमध्ये घाला. मॉसफेट उघडे दिसले तर तो बोर्ड परत द्या, मग किंमत कितीही कमी असो.