मधाचे लागर आणि सरकारी आज्ञा

मद्याच्या पिंपाजवळ राजपुरुषाने उभे राहावे, ही प्रथा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. मेदक, प्रसन्ना, आसव यांच्या कृती तेथे मापांसह दिल्या असून आसवात कवठ व काकवी यांच्या जोडीस मधही सांगितला आहे. आपल्याकडे राजमान्य ठरलेला हा मध बव्हेरियात मात्र एका सरकारी आज्ञेने बिअरच्या पिंपाबाहेर राहिला. लहान कारखान्यांतून निघणाऱ्या मधाच्या तपकिरी लागरची पारख करू पाहणाऱ्याने ही हकीकत जाणून घ्यावी. आणि ज्यांचे आयुष्य नियमांचा अर्थ लावण्यात जाते, त्या आमच्या वाचकांस तर ती विशेष रुचेल.

२३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म व दहावा लुडविग यांनी इंगोलश्टाट येथे आज्ञा काढली, की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून काही घालू नये. पण मूळ मजकुराचा मोठा भाग दरांविषयी आहे. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत एका मापास एक फेनिंग, उरलेल्या काळात दोनांहून अधिक नाही, असा तो बांधलेला भाव होता. ‘शुद्धतेची आज्ञा’ हे नाव १९१८ साली बव्हेरियाच्या विधिमंडळात वापरले गेले, तेव्हापासूनचे आहे. भाव बांधणारा हुकूम चार शतकांनी धर्मवचन होऊन बसला!

लागरची भरभराटही एका बंदीशी निगडित आहे. १५५३ साली बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर करण्यास मनाई झाली. मग थंडीत मंद गतीने आंबवलेली बिअर गार तळघरांत महिनोन्‌महिने साठवली जाऊ लागली. जर्मन भाषेत साठवण्याच्या क्रियेवरूनच तिला लागर हे नाव पडले. ती बहुधा काळपट वा तपकिरी असे. सोनेरी लागर १८४२ साली पिल्सेन येथे योझेफ ग्रोलच्या हातून अवतरले.

आता पारखीकडे वळू. मधाच्या लागरचा तपकिरी रंग मुख्यतः मधाचा नव्हे, तर मोड आणून भाजलेल्या जवाचा. मधातील साखर किण्व जवळजवळ सारी खाऊन टाकते. म्हणून मधाने बिअर गोड होते ही समजूत खरी नाही. उरतो तो फुलांचा मंद सुवास, आणि तोही दीर्घ उकळीत उडून जातो. यास्तव जाणता कारागीर मध शेवटीशेवटी घालतो. पेल्यात आधी रंग व फेस पाहावा, मग वास घ्यावा, आणि घोटानंतर जवाचा खरपूसपणा, मधाचा गंध व हॉपचा कडवटपणा एकमेकांस दाबतात की सांभाळतात, हे जिभेस विचारावे. येथे एक सावधगिरी हवी. शिळ्या झालेल्या बिअरलाही मधासारखा वास येतो. तेव्हा मध मुळीच न घालता मधाचा भास होणे हा परीक्षकांच्या लेखी दोष असतो.

म्हणजे घटकांची यादी पाहून निकाल देता येत नाही. नॉयत्सेले या ब्रांडेनबुर्गमधील गावचा मठाच्या नावाचा लहान कारखाना काळ्या लागरमध्ये साखरेचा पाक घालीत असे. त्यास ‘बिअर’ म्हणण्यास राज्याच्या खात्याने मनाई केली, आणि सुमारे दहा वर्षे वाद चालला. मध्यंतरी नव्हे, तर त्याही आधी, १९८७ साली, युरोपीय न्यायालयाने परदेशी बिअरवरील असा निर्बंध अवैध ठरविला होता. जर्मन कारखानदार मात्र स्वदेशी नियमाने बांधलेलेच राहिले. अखेर २००५ साली लाइपत्सिग येथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने, विशेष बिअर म्हणून परवानगी देता येते, असा निर्णय कारखान्याच्या बाजूने दिला.

आम्हांस या निर्णयात नियमाचा पराभव दिसत नाही. गिऱ्हाईक फसू नये, यासाठी नियम हवाच. पिंपात काय घातले ते त्याने स्पष्ट लिहावयास लावावे. मात्र पेय चांगले की वाईट, हे ठरविण्याचे काम आज्ञापत्राने जिभेकडून काढून घेऊ नये. सुराध्यक्षाचा वारसा सांगणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याने आपल्या हातातील नियम मुळात भावासाठी होता की गुणासाठी, एवढे तरी शिक्का मारण्यापूर्वी पाहावे.