कोळपं, पाचट आणि मल्चिंग पेपर

परसात वांगी-मिरचीचा वाफा करायचाय. घरात मल्चिंग पेपरचा उरलेला तुकडा पडलाय अन् बांधावर उसाचं पाचट. काय टाकावं?

जमीन झाकणं ही काही आजची गोष्ट नाही. वडिलांच्या काळात आच्छादन म्हणजे कोळपं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणायची. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, भेगांतून ओल उडते. कोळप्यानं वरची दोन बोटं माती सुटी केली की भेगा बुजतात. ती सुटी मातीच झाकण. काडीकचरा का अंथरत नव्हते? कडबा जनावराला लागायचा. १९७२ च्या दुष्काळात तर चाऱ्यावाचून लोकांना दावणीची जनावरं विकावी लागली. जमिनीवर टाकायला उरणार काय?

पुढं सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. १९८७ ला ते पूर्ण झालं. पाणी आलं, पाण्यामागं ऊस, उसामागं पाचट. वडिलांना जे मिळालं नाही ते आपल्याकडं ढिगानं आलं, अन् आपण त्याला काडी लावली. मीही लावली, खोटं कशाला बोलू.

पॉलिथिनचा शोध इंग्लंडात १९३३ चा. १९५० नंतर अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट यांनी ते भाजीपाल्याच्या वाफ्यावर अंथरून पाहिलं. आपल्याकडं ते ठिबकाच्या जोडीनं टरबूज-मिरचीत आलं. पेपरनं तण दबतं, ओल टिकते. मोठ्या रानात खुरपायला माणूस मिळत नाही, तिथं त्याचा हिशेब बसतो.

पण परसात खाली ठिबकची नळी नसते. पावसाचं पाणी पेपरवरून वाहून जातं. लव्हाळा पेपरला भोक पाडून वर येतो. पातळ पेपर उन्हानं फाटतो, तुकडे मातीत जातात अन् कुजत नाहीत. मागच्या पेपरचे तुकडे माझ्या खुरप्याला अजून लागतात.

पाचटातून पाणी मुरतं, पुढं त्याचंच खत होतं. थर चार बोटं द्यायचा, खोडाजवळ मोकळं ठेवायचं. कच्चं पाचट मातीत गाडायचं नाही, कुजताना ते नत्र ओढतं. वाळवीवर नजर ठेवायची. लव्हाळा यातूनही येतो, तो उपटावाच लागतो.

मी पेपर गुंडाळून ठेवला. यंदा पाचट पेटवायच्या आधी परसापुरते दोन भारे तरी बाजूला काढा.